पिवळ्या खिडकीचा दगड

विनी डॉड्सने जन्मात कुणाला त्रास म्हणून दिला नाही, आणि तेवढ्यापायी आपल्या हाताने आपल्या घराचं वाटोळं करून घेतलं. समुद्राकाठच्या आमच्या हॉलविक गावात हे तिच्या तोंडावर कुणी बोलणार नाही. तोंडावर बोलायची आमच्याकडे रीतच नाही. इथला माणूस गळ्यापर्यंत पाण्यात बुडाला तरी धक्क्यावरच्या लोकांना हात हलवून सांगेल, माझं बरं चाललंय, तुम्ही आपला चहा घ्या. आणि धक्क्यावरचे लोकही खरोखर चहा घेतील.

विनी आता बहात्तरची आहे. बुटकी, रुंद हाडाची, पांढरे केस कानावर कापलेले. तीस वर्षं तिने मासे धुरावर सुकवणाऱ्या कारखान्यात हेरिंग चिरले. दिवसाला दोन हजार मासे तिच्या सुरीखालून जायचे. तिचा नवरा कथबर्ट आपल्या होडीतून खेकड्यांचे पिंजरे टाकायचा. एडविन हा त्यांचा एकुलता एक मुलगा. हॉलविकच्या घरांत पूर्वी एक पद्धत होती. घरातली होडी बाहेर असली की माडीवरच्या खिडकीत दिवा ठेवायचा आणि माणूस दारात आला की मालवायचा. पुढे होड्यांवर रेडिओ आले, धक्क्यावर मोठाले दिवे आले, आणि बाकीच्यांनी ते सोडून दिलं. डॉड्सांनी सोडलं नाही. एडविन लहानपणी बापाबरोबर समुद्रावरून आला की गल्लीच्या तोंडापासूनच ओरडायचा, "आई, दिवा घालव, आलो आम्ही!"

हाच एडविन एकोणतिसाव्या वर्षी बापाला म्हणाला की खेकडे संपत आलेत, मी ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला होड्या दुरुस्त करायच्या कामावर चाललो. कथबर्ट जेवत होता. त्याने मान वर केली नाही. "जायचं तर जा," तो म्हणाला, "दारात उभा राहू नको, वारं आत येतं." एडविन गेला. त्यानंतर सहा वर्षं बापलेकांनी एकमेकांचा आवाज ऐकला नाही. नाताळला आणि आईच्या वाढदिवसाला तो फोन करायचा. विनी जिन्याखाली उभी राहून बोलायची, आणि कथबर्ट तेवढ्यात नेमका कोळसे आणायला मागे जायचा. फोनच्या वरती भिंतीवर पेन्सिलीने एडविनचा नंबर लिहिलेला होता. तो नंबर कथबर्टनेच लिहिला होता, हे मात्र खरं.

मग कथबर्ट आजारी पडला. पाच आठवडे अंथरुणावर होता. विनी रोज फोनपर्यंत जायची. सकाळी गेली तर तिच्या मनात यायचं, तिकडे संध्याकाळ, दमून आला असेल. दुपारी गेली तर तिकडे मध्यरात्र, झोपला असेल. आणि आपल्याकडे रात्र असताना तो कामावर, आणि कामावरच्या माणसाला असलं काही सांगायचं म्हणजे शोभत नाही. दिवसाच्या चोवीस तासांत तिला एकही तास सापडला नाही. शेवटी पाचव्या आठवड्यात तिने पत्र लिहिलं. हवा कशी आहे ते लिहिलं, वाफ्यातले लीक कांदे यंदा मनगटाएवढे झालेत ते लिहिलं, समोरच्या थेल्माचं कंबरेचं दुखणं लिहिलं, प्रार्थनाघराच्या छपराची गळती लिहिली. आणि सगळ्याच्या शेवटी लिहिलं, 'तुझ्या बाबांना जरा बरं नाही. तू काळजी करू नको. उत्तराची घाई नाही.'

आमच्याकडे 'जरा बरं नाही' म्हणजे काय ते आम्हाला कळतं. इथल्या इथे राहणाऱ्या माणसाने ते ऐकलं की तो चपला न घालता धावत सुटतो. पण सात समुद्रांपलीकडे सहा वर्षं राहिलेल्या मुलाला ते अर्थासकट कसं पोचणार, याचा विचार विनीने केला नाही.

पत्र टाकून ती घरी आली तेव्हा कथबर्ट जागा होता.

"पोराला कळवलंस?" त्याने विचारलं.

"कळवलं," विनी म्हणाली. तशी ती खोटं बोलत नव्हती.

त्याने मान दाराकडे वळवली. "मग दिवा लाव," तो म्हणाला.

विनीने माडीवर जाऊन खिडकीत दिवा लावला. चार दिवस तो दिवसाउजेडीही जळत होता. समोर राहणाऱ्या थेल्मा प्रिंगलने दुसऱ्या दिवशी दारातून विचारलंच, "होडी तर धक्क्यावर आहे गं. दिवा कुणासाठी?" विनी म्हणाली, "कथबर्टलाच हवाय." कथबर्टची खाट खालच्या खोलीत होती. तो चार दिवस दाराकडे तोंड करून पडला, आणि चौथ्या दिवशी गेला. विनीने तेव्हाही फोन केला नाही. तिने दुसरं पत्र लिहिलं.

पहिलं पत्र पोचायला अकरा दिवस लागले. दहाव्या दिवशी कथबर्टला पुरलं. अकराव्या दिवशी जिन्याखालचा फोन वाजला.

"आई, मी रजा टाकलीय," एडविन घाईघाईने म्हणाला. "शुक्रवारी पोचतो. बाबांना सांग, मी येतोय. नुसतं एवढं सांग."

"अरे," विनी म्हणाली, "काल पुरलं रे त्यांना."

"तुझ्या जिन्याखाली फोन आहे ना, आई?"

"आहे."

"त्याच्यावर माझा नंबर लिहिलाय ना?"

"लिहिलाय."

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला. त्यानंतर तीन नाताळ गेले, विनीचे तीन वाढदिवस गेले. फोन वाजला नाही असं नाही, एडविनचा वाजला नाही. विनी पत्रं लिहीत राहिली. दर पत्रात ती दिव्यापर्यंत यायची आणि तिथे पेन थांबायचं. असलं कागदावर बरं दिसत नाही, असं म्हणून ती पुन्हा लीकवर जायची. बापाने शेवटी तुझ्यासाठी दिवा लावायला सांगितला होता, एवढं एक वाक्य त्या मुलाला माहीत नव्हतं, आणि विनीला उरलेल्या आयुष्यात तेवढंच त्याला सांगायचं होतं.

दगड रंगवण्याच्या फंदात तिला थेल्माने ओढलं.

थेल्मा म्हणजे आमच्या गावचं ध्वनिक्षेपक यंत्र. तिने 'हॉलविक गोटे' नावाचा गट काढला होता. दर बुधवारी प्रार्थनाघराच्या हॉलमध्ये दहा-बाराजणी जमायच्या, गोट्यांवर चित्रं काढायच्या, आणि ते गोटे गावात बाकांखाली, कुंपणांवर, झाडांच्या बेचक्यात लपवून ठेवायच्या. ज्याला सापडेल त्याने फोटो काढून फेसबुकवर गटात टाकायचा. मग बाकीच्यांनी खाली बदामाची चित्रं टाकायची. दगडाच्या मागे सगळ्यांनी एकच मजकूर लिहायचा: 'हॉलविक गोटे. ठेवा किंवा पुन्हा लपवा. फोटो टाका.' थेल्मा स्वतः चित्रं काढत नसे. ती गोट्यांवर उपदेश लिहायची. 'एक पाऊल पुढे टाका' असा तिचा गोटा नेमका म्हाताऱ्या नेल्सन गिबला सापडला, ज्याचा पाय गुडघ्याखाली कापलेला आहे. त्याने तो थेल्माच्या काचेच्या पेटीतल्या टोमॅटोंवर परत केला, म्हणजे काच फोडून परत केला.

"विनी, घरात बसून भिंती काय बघतेस?" थेल्मा म्हणाली. "त्या काय उत्तर देणार आहेत? चल बुधवारी."

"मला कुठे चित्रं येतात?"

"मला तरी कुठे येतात? गेली तीन वर्षं गट चालवतेय मी."

आमचा अख्खा किनारा गोट्यांचा. पण किनाऱ्यावरचा गोटा उचलायला मनाई आहे, गोटे गेले तर समुद्र आत येईल म्हणून. मग समुद्राकाठी राहणारे आम्ही लोक बागेच्या दुकानातून गोट्यांची गोणी विकत आणतो, आणि ती गोणी गाडीत घालून त्याच किनाऱ्यावरून घरी नेतो. विनीनेही आणली. तिचा पहिला गोटा म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेला किडा. सुरी धरून धरून आखडलेला तिचा अंगठा ब्रश धरायला तयार नव्हता, त्यामुळे ठिपके एकमेकांत गेले होते. तो तिने बसथांब्यावर ठेवला. दोन दिवस पाऊस पडला. तिसऱ्या दिवशी गटात फोटो आला आणि खाली कुणीतरी लिहिलं, 'हा टकल्या कुणाचा?' रंगावर वॉर्निश लावावं लागतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

ती मागच्या छपरीत गेली. कथबर्टचा होडीच्या वॉर्निशचा डबा तिथे तसाच होता. कथबर्ट वॉर्निशच्या बाबतीत देवभोळा होता. एक हात पातळ द्यायचा, दिवसभर वाळू द्यायचा, बारीक कागदाने घासायचा, मग दुसरा, मग तिसरा. तिसऱ्या हाताशिवाय काम पुरं झालं असं तो मानायचाच नाही. पंधरा वर्षांच्या एडविनने एकदा पहिला हात ओला असताना दुसरा मारला, तेव्हा बापाने त्याला होडीची अख्खी बाजू पुन्हा खरवडायला लावली होती. पोरगं रडत रडत घासत होतं, आणि विनी चहा घेऊन उभी होती, मध्ये बोलली नव्हती. तिने डब्यावरची साय काढली आणि दुसऱ्या गोट्याला तीन दिवसांत तीन हात दिले.

हळूहळू तिचा हात बसला. मासे तिला चांगले यायला लागले, ते काय तिने आतून बाहेरून पाहिले होते. तिचे गोटे पावसात टिकायचे, लोक ते घरी न्यायचे. गटात तिचं नाव घेतलं जाऊ लागलं. बुधवारच्या बायकांना वाटलं की विनी आता सावरली. विनीलाही थोडं तसं वाटलं.

मग एका बुधवारी थेल्माने नवी टूम काढली. प्रवासी दगड. दगडाच्या मागे एखाद्या लांबच्या गावाचं नाव लिहायचं, आणि लोकांनी तो हातोहात तिकडे न्यायचा. कुणाचा दगड स्कॉटलंडला गेला होता, कुणाचा स्पेनला. विनी घरी आली आणि त्या रात्रीपासून तिला दुसरं काही सुचेना. तळहाताएवढा एक चपटा गोटा तिने निवडून काढला. त्यावर आपलं घर काढलं. हिरवं दार, करडं छप्पर, कोळशाच्या छपरीचा कोपरा. आणि माडीची खिडकी भडक पिवळी. ती खिडकी तिने सात वेळा पुसली आणि सात वेळा काढली. मागे लिहिलं, 'मला फ्रीमँटलला न्या. ठेवा किंवा पुन्हा लपवा.' एडविनचं नाव लिहिलं नाही. नाव लिहिलं असतं तर सगळ्या गावाने विचारलं असतं.

बाई, फोन उचलायचा होता. एवढे दिवस लागले घर रंगवायला, त्यात पाच मिनिटं फोनला लागली असती. पण विनीच्या मते दगड बरा होता. दगडाला वेळेचं बंधन नाही, दगड कुणाला झोपेतून उठवत नाही, आणि घ्यायचा नसला तर समोरच्या माणसाला तोंडावर नाही म्हणावं लागत नाही. तिला मनापासून वाटत होतं की पिवळी खिडकी बघितली की एडविनला कळेल. तो फोन करेल. मग तो फोनवर असला की ती आपोआप सांगेल.

ईस्टरच्या दिवशी तिने दगड चर्चच्या भिंतीवर ठेवला. लीड्सहून आलेल्या एका कुटुंबाने तो उचलला. मग तो मँचेस्टरच्या विमानतळावर दिसला, एका कॉफीच्या पेल्याशेजारी. मग सहा आठवडे काहीच नाही. विनी रोज सकाळी उठून आधी गट बघायची, मग चूल. जुलैत तो एकदम दुबईत उगवला, खजुराच्या झाडाखाली. हॉलविकच्या बायका वेड्या झाल्या. "आपली विनी अरबस्तानात!" थेल्मा गल्लीत ओरडली. ऑगस्टमध्ये जोडी नावाच्या नर्सने तो उचलला. ती सुट्टीवरून फ्रीमँटललाच परत चालली होती.

तेव्हा विनीने आयुष्यात पहिल्यांदा एका अनोळखी बाईला मेसेज लिहिला. अर्धा दिवस लागला. 'तुम्हाला त्रास देते आहे, माफ करा. जमलं तरच. बंदराजवळ ई. डॉड्स यांचं होड्यांचं काम आहे. तिथे फाटकावर ठेवला तरी चालेल. नाही जमलं तर अजिबात हरकत नाही.'

चार दिवसांनी जोडीचं उत्तर आलं. 'दिला हो! फाटकावर कशाला, तो तिथेच होता, हातातच दिला. कुठून आला विचारत होता. मी म्हटलं हॉलविकहून. बराच वेळ बघत बसला होता दगडाकडे. कमी बोलतो नाही का तुमचा माणूस?'

विनीने तो मेसेज किती वेळा वाचला याला गणती नाही. त्या दिवसापासून तिने जिन्याखालच्या फोनवरची धूळ रोज पुसायला सुरुवात केली. दुकानात जायची ती धावत जाऊन धावत यायची. बुधवारी हॉलमध्ये जायचं बंद केलं. संडासात गेली तरी दार किलकिलं ठेवायची. आंघोळ तर तिने तीन आठवडे नुसती ओल्या फडक्याने उरकली. जिन्यावर खुर्ची मांडून ती बसायची आणि मनात वाक्य घोळवायची. तुझ्या बाबांनी दिवा लावायला सांगितला होता. तुझ्या बाबांनीच सांगितला होता.

फोन आला नाही. तीन आठवड्यांनी थेल्मा मात्र दार न वाजवता आत आली, हातातला मोबाईल नाचवत.

"विनी! अगं बघितलंस का? तुझा दगड परत फिरलाय!"

फोटो फ्रीमँटलच्या बसथांब्यावरचा होता, कुणा म्हातारबाने टाकलेला. फोटोत दगडाची मागची बाजू होती. 'मला फ्रीमँटलला न्या' ही ओळ एका सरळ रेघेने खोडलेली होती. 'ठेवा किंवा पुन्हा लपवा' यातल्या 'ठेवा'वरही रेघ होती. आणि खाली ठळक, सुटी अक्षरं होती. होडीच्या नाकावर नाव घालताना एडविन घालायचा तशी.

'मला हॉलविकला परत न्या. घाई नाही.'

"घाई नाही म्हणे!" थेल्मा हसत सुटली. "कोण गं हा? मजेशीर आहे बाई माणूस. बघ, खाली दीडशे बदाम आलेत. तू काहीतरी लिही की."

विनीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग थेल्माच्या मोबाईलवर एका बोटाने अक्षरं शोधत शोधत लिहिलं, 'किती छान.' थेल्माने तिच्या वतीने वर एक बदाम टाकला.

त्यानंतरचे पाच महिने विनीने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. पत्र परत आलं तर माणूस ते कपाटात टाकून मोकळा होतो. हा दगड सगळ्या जगासमोर, मुक्काम करत करत, तिच्याकडे परत येत होता. जकार्ताहून फोटो आला, मागच्या मजकुराचाच. सिंगापूरहून आला, तोही तसाच. सिंगापुरातल्या एका शाळेच्या वर्गाने दगडाला मध्ये ठेवून हात हलवले. 'घाई नाही' हे दोन शब्द गटातल्या बायकांना इतके आवडले की त्या एकमेकींना तेच लिहू लागल्या. थेल्माने तर ते गोट्यांवर लिहून गावभर लपवले. विनी पाव आणायला निघाली की कुंपणावर 'घाई नाही', टपालपेटीवर 'घाई नाही', कथबर्टच्या थडग्याजवळच्या बाकावरसुद्धा 'घाई नाही'. तो शेवटचा तेवढा तिने उचलून खिशात घातला आणि घरी येऊन कचऱ्यात टाकला. तिला थेल्माचा राग आला, पोराचाही आला, आणि मग राग आल्याची लाज वाटली.

फेब्रुवारीत दगड न्यूकॅसलपर्यंत आला, आणि तिथल्या बसचालकाने तो थेल्माच्या हातात दिला. थेल्माने तो विनीला दिला नाही. तिने समारंभ ठरवला. हॉलमध्ये पताका लावल्या, हॅम घातलेले स्टॉटी पाव केले, चहाची मोठी किटली चढवली. गुरुवारी दुपारी दोन वाजता अर्धं गाव जमलं. लंगडा नेल्सन गिबही आला, पावासाठी. विनीला पुढे खुर्चीवर बसवलं. थेल्माने दगडाचा प्रवास वाचून दाखवला, एकेका गावाच्या नावाला लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग फडक्यातून काढून दगड विनीच्या ओंजळीत ठेवला.

"बोल काहीतरी, विनी!"

विनी उभी राहिली. "तुम्ही सगळ्यांनी उगाच एवढा त्रास घेतलात," ती म्हणाली, आणि बसली.

लोक पावांकडे वळले तेव्हा तिने पहिल्यांदा दगड सुलटा केला. हिरवं दार होतं. करडं छप्पर होतं. माडीची खिडकी काळी होती.

थेल्मा खांद्यावरून वाकली. "अगं, खिडकीचा रंग उडालाय की. एवढ्या प्रवासात उडायचाच. दे इकडे, चिमूटभर पिवळा लावला की झालं."

"राहू दे," विनी म्हणाली.

रंग उडालेला नव्हता. तिचा अंगठा चित्र काढायला आखडलेला असला तरी पृष्ठभाग ओळखायला पक्का होता. काळा रंग चौकटीच्या आत अगदी काठोकाठ भरलेला होता, बारीक ब्रशने, कुठे थेंबभर बाहेर गेला नव्हता. आणि वरून वॉर्निश होतं. तिने तो दगड उजेडात तिरका धरला. तिच्या वॉर्निशवर आणखी तीन हात दिलेले होते, दोन्ही बाजूंनी, प्रत्येक हात वाळवून, घासून. घाई केल्याची खूण कुठेच नव्हती. म्हणजे तीन दिवस दगड त्याच्यापाशी होता. रोज त्याने तो हातात घेतला, घासला, ब्रश फिरवला आणि वाळत ठेवला. बापाने शिकवलेलं त्याने काही टाकलं नव्हतं. दिवा तेवढा मालवला होता.

विनी उठून मागच्या स्वयंपाकघरात गेली आणि कप विसळायला लागली. थेल्मा तिच्या मागोमाग आली. तिने दार लावून घेतलं. चाळीस वर्षं समोरासमोर राहून जे कधी केलं नाही ते तिने आज केलं.

"एडविनकडे गेला होता ना दगड?"

विनी कप विसळत राहिली.

"मी एवढी वेडी नाही गं. ती अक्षरं मी तुमच्या होडीवर वाचलीत. मला आधीच दिसली होती, 'कोण गं हा' असं मुद्दाम विचारलं. मीच बावळट, हसत सुटले. मला वाटलं, तुमचं जमलं असेल, थट्टा करत असेल पोर." थेल्माचा आवाज खाली आला होता. तिला असा आवाज आहे हे कुणाला माहीत नव्हतं. "त्याला माहितीय का, तो दिवा कुणी लावायला सांगितला ते?"

"नाही."

"चार वर्षांत तू सांगितलं नाहीस?"

"वेळ आली नाही."

"विनी, त्याने तुझा दिवा मालवला. कथबर्टचा नाही. त्याला ठाऊकच नाही तो कथबर्टचा होता." थेल्माने ॲप्रनच्या खिशातून मोबाईल काढला आणि ओल्या ओट्यावर विनीपुढे ठेवला. "कर फोन. आत्ता. मी इथे उभी आहे. एकच वाक्य बोलायचं आणि ठेवायचं. नंबर पाठ असेल तुला."

नंबर विनीला पाठ होता. तिने हात फडक्याला पुसले. मोबाईल उचलला. तिचा अंगठा पहिल्या तीन आकड्यांवरून बिनचूक गेला. मग तिने मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. ओठांतल्या ओठांत तिने आठ तास मिळवले.

"तिकडे अकरा वाजून गेलेत गं," ती म्हणाली. "सकाळी लवकर कामावर जायचं असतं त्याला. उगाच झोपमोड कशाला?"

"विनी!"

"नाही, तू म्हणतेस ते बरोबर आहे, सांगायला तर हवंच." तिने मोबाईल थेल्माच्या खिशात परत घातला आणि दगड आपल्या पर्समध्ये ठेवून पर्सची चेन ओढली. "उद्या पत्रच टाकते सविस्तर."